रंगाऱ्याने उचललेला बेल-भंडारा

फार पूर्वीची म्हणून ही गोष्ट सांगतात. किती पूर्वीची ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ऐकताना ती परवाचीच वाटते, त्याला माझा इलाज नाही.

नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. लुगडी, पागोटी, उपरणी, जे येईल ते रंगवून द्यायचा. घर अगदी पाण्याला लागून. पुढच्या अंगणात रंगाच्या मोठमोठ्या कढया, आणि मागच्या दाराने चार पायऱ्या उतरलं की नदीचा घाट. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. लग्नाकार्याला गेला तरी निळेच.

या रंगाऱ्याची एक ख्याती होती. त्याने "हा रंग सुटणार नाही" म्हटलं की तो रंग सुटत नसे. "परवा या" म्हटलं की परवा कापड घडी घालून तयार असे. गावात दोघांची जुंपली आणि खरं कोण बोलतंय ते कळेना, की लोक म्हणायचे, "चला रंगाऱ्याकडे. तो सांगेल ते खरं." हे कानावर आलं की रंगारी वरवर "छे छे, माझं कसलं काय" म्हणायचा, पण त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खायचा.

त्याची बायको हे बघून गालातल्या गालात हसायची. मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना होती. तीस वर्षं ती कढईत काठी फिरवत आली होती आणि तीस वर्षं तिच्या पायाखालची जमीन ओली होती. शेवटी ती ओल तिच्या छातीत शिरली. आधी नुसता खोकला होता. मग चार पायऱ्या चढली की धाप लागायला लागली. मग बसल्या जागीही.

भाद्रपदात वैद्य आला. त्याने नाडी पाहिली, मग भिंतीवर हात ठेवला. हाताला ओल लागली ती धोतराला पुसत म्हणाला, "रंगारीबुवा, औषध मी देतो, पण नुसत्या औषधाने हे हटायचं नाही. वहिनींना वर माळावरच्या गावी न्या. तिकडे ऊन आहे, कोरडी हवा आहे. थंडी पडून नदीवर धुकं धरायला लागलं की यांना इथे श्वास घेता यायचा नाही. मार्गशीर्ष लागायच्या आत न्या."

"आणि नाही जमलं तर?" रंगाऱ्याने विचारलं.

वैद्य औषधाच्या पुड्या बांधायला लागला.

माळावर त्यांचं ना नातं ना गोतं. तिथे राहायचं तर स्वतःचं छप्पर हवं, आणि ते घ्यायचं तर नदीकाठचं घर विकायला हवं. दोघांनी त्याच दिवशी ठरवलं, घर विकायचं.

"मला काही वाईट वाटत नाही हो," रंगारीण म्हणाली. "या घरात पुष्कळ ओली राहिले. आता जरा वाळायचंय."

त्या गावात घर विकायची एक रीत होती. मालकाने आपलं घर आपण विकायचं नाही, गावच्या दलालामार्फतच विकायचं. त्यासाठी खंडोबाच्या देवळात जायचं, बेल-भंडारा उचलायचा आणि पुजाऱ्यासमोर म्हणायचं, "माझं घर हाच विकेल. मी गिऱ्हाइकाशी बोलणार नाही." एकदा असा शब्द दिला की दलालाने त्याच देवळात उभं राहून "हा माणूस मोकळा" म्हणेपर्यंत मालक बांधलेला. दलालाने मात्र काहीच उचलायचं नसे. तो बाजूला उभा राहून नुसता मान डोलवत असे. इतकी वर्षं ही रीत चालत आली, पण ही एवढी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. किंवा आली असेल आणि आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिली असेल.

दलाल बोलायला फार गोड होता. रंगाऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "बुवा, तुम्ही काळजीच सोडा. दसऱ्याच्या आत घर गेलं म्हणून समजा. वहिनी मला सख्ख्या बहिणीसारख्या."

रंगाऱ्याने बेल-भंडारा उचलला. पिवळा भंडारा लागून त्याचा निळा तळवा हिरवा दिसू लागला. त्याने शब्द दिला आणि पुजारी म्हणाला, "रंगाऱ्याचा शब्द म्हणजे काय, बघायलाच नको." रंगारी खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दलाल घर बघायला आला आणि त्याचा सूर बदलला.

"अरे अरे अरे," तो दारातच थांबून म्हणाला. "हे असं घर कोण घेणार, बुवा? भिंतींचे पोपडे बघा. या कढया आधी हलवा. आणि चुना मारून घ्या, चुना."

रंगाऱ्याने कढया हलवल्या. भिंतींना चुना मारला. ओल्या चुन्याच्या वासाने बायको तीन दिवस खोकत राहिली, पण भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. दलालाने बघून नाक मुरडलं. "आता चुना नवा दिसतोय. लोक म्हणतील, काहीतरी झाकलंय."

मग त्याने आणखी एक काढलं. "गिऱ्हाईक आलं आणि आतून खोकल्याचा आवाज आला, तर ते उंबरठा ओलांडायचं नाही. मी निरोप पाठवला की वहिनींनी जरा घाटावर जाऊन बसावं. घटकाभराचा तर प्रश्न."

"घाटावर? पाण्याजवळच बसवू नका असं वैद्य म्हणालाय," रंगारी म्हणाला. "त्यापेक्षा आम्ही घराला कुलूप घालून माळावर जातो. धर्मशाळेत पडून राहू. तुम्ही सावकाश विका."

"हां, करा की. आणि मग बसा वाट बघत," दलाल म्हणाला. "ज्या घरात चूल पेटते तेच घर विकलं जातं, बुवा. बंद घर म्हटलं की लोकांच्या मनात पाल चुकचुकते."

रंगाऱ्याने ते मानलं. निरोप आला की रंगारीण पदर आवळून मागच्या पायऱ्या उतरायची आणि घाटावर बसून राहायची. घटकाभर म्हणता म्हणता कधी दुपार टळायची. बहुतेक वेळा गिऱ्हाईक यायचंच नाही. दलालाचा माणूस येऊन सांगायचा, "आज नाही जमलं त्यांना. उद्या नक्की." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट.

आलं ते एकच गिऱ्हाईक, आणि ते तीनदा आलं. जाडजूड अंगाचा एक माणूस. तोंडावर उपरणं ओढून यायचा, दर खेपेला वेगळं पागोटं घालून यायचा आणि दर खेपेला घराला नवी नावं ठेवून जायचा. रंगाऱ्याने ती तिन्ही पागोटी ओळखली. तिन्ही त्यानेच रंगवली होती, आणि दलालाच्या मेव्हण्यासाठी रंगवली होती. नदीकाठची जागा हवी म्हणून हा मेव्हणा गावभर फिरत होता, हेही त्याला माहीत होतं. पण गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही असा शब्द दिलेला. रंगाऱ्याने तोंड उघडलं नाही.

"अहो, तो दलाल भाव पाडायला बघतोय," बायको म्हणाली. "आपण टेकीला आलो की मेव्हण्याच्या घशात घालील."

"असं कसं करेल? देवासमोर ठरलंय," रंगारी म्हणाला. देवासमोर काय ठरलंय आणि कुणी ठरवलंय, हे त्याने आठवून पाहायला हवं होतं. पण आपण शब्द दिला म्हणजे समोरच्यानेही दिला, असं भल्या माणसांना उगीचच वाटत असतं.

दसरा गेला. दिवाळी गेली. सकाळी नदीवर वाफेसारखं काहीतरी दिसायला लागलं.

एक दिवस परगावचा एक विणकर सरळ रंगाऱ्याच्या दारात आला. त्याने भिंतीवर हात फिरवला, ओल लागली तशी त्याची कळी खुलली. "असंच घर शोधतोय मी, दादा. कोरड्या हवेत सूत तुटतं. इथे माझे माग बसतील. बोला, काय घ्याल?"

घरातल्या ओलीवर खूश झालेला माणूस रंगाऱ्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या ओठांवर आकडा आला होता. पण त्याने हात जोडले. "माझ्याशी बोलू नका, बाबा. मी बांधलेला आहे. दलालाकडे जा."

विणकर दलालाकडे गेला आणि परत आलाच नाही. दलाल म्हणाला, "चंचल गिऱ्हाईक होतं. मीच घालवून दिलं. घाई दिसली की भाव पडतो, बुवा."

चार दिवसांनी रंगारीण घाटावर बसली होती. त्या दिवशीही कुणीतरी येणार होतं. वरच्या अंगाला तोच विणकर हातपाय धूत होता. तिला बघितल्यावर तो उठला आणि लांबून वळसा घालून जायला लागला.

"दादा," तिने हाक मारली, "घर आवडलं होतं ना तुम्हाला?"

विणकर लांबच थांबला. "आवडलं होतं, ताई. पण तुम्ही आधीच सांगायला हवं होतं. माझी लेकरं लहान आहेत. दलाल म्हणाला, घरात क्षय आहे. भिंतींत मुरलाय म्हणाला. जो राहील तो जाणार."

रंगारीण पायरीला धरून उठली. मग म्हणाली, "तीस वर्षं मी या हाताने नवऱ्याला भाकरी वाढतेय. तो बैलासारखा धडधाकट आहे. चला माझ्याबरोबर वैद्याकडे."

ती त्याला वैद्याकडे घेऊन गेली. वैद्याने सांगितलं, हा ओलीचा विकार आहे, संसर्गाचा नाही, तरुण माणसाला आणि लेकरांना त्याचं भय नाही. रोज अंगणात ऊन घ्या म्हणजे झालं. विणकराचा जीव भांड्यात पडला. मग ती त्याला घेऊन घराकडे निघाली. वाटेत चार ठिकाणी ती धापा टाकत थांबली, पण निरोप मिळण्याची वाट न बघता पुढच्या दाराने आपल्या घरात शिरली.

"अहो," ती म्हणाली, "हे घर घेतायत. आजच घेतायत."

"तुम्ही म्हणाल तो भाव देतो," विणकर म्हणाला. "उद्या तुम्ही गाडी जुंपा."

रंगाऱ्याचा चेहरा उजळला. त्याला माळावरचं ऊन दिसलं, उन्हात बसलेली बायको दिसली. आणि लगेच तो चेहरा पडला.

"पण दलालाने अजून मोकळा म्हटलेलं नाही," तो म्हणाला.

"त्याने यांना सांगितलं, मला क्षय आहे. घरात रोग मुरलाय म्हणून सांगितलं!"

"त्याचं पाप त्याच्यापाशी. मी शब्द दिलाय."

"बेल-भंडारा तुम्ही उचललात. मी नाही उचलला. तुम्ही गप्प बसा, मी बोलते यांच्याशी."

"तू बोललीस काय आणि मी बोललो काय, एकच ते. उद्या लोक म्हणतील, रंगाऱ्याने शब्द मोडला. बायकोला पुढे केलं आणि शब्द मोडला."

रंगारीण खाली बसली. तिला धाप लागली होती. मग ती हळूच म्हणाली, "शब्द तुमचा आहे हो. पण दम माझा लागतोय."

विणकर मान खाली घालून उभा होता. रंगाऱ्यालाही हे लागलं. पण तो इतकंच म्हणाला, "उद्या सकाळी जातो आणि मोकळीक घेऊन येतो. एका दिवसाने काय होतंय?"

"मी पौर्णिमेपर्यंत थांबतो," विणकर म्हणाला. तोही भला होता बिचारा. त्या खोलीत सगळेच भले होते, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी रंगारी दलालाकडे गेला. दलाल म्हणाला, "देतो की मोकळीक! मी काय तुम्हाला धरून ठेवलंय? पण पुजारी परगावी गेलाय." पुजारी आला तेव्हा दलालाचा पाय मुरगळला होता. पाय बरा झाला तर दलालाच्या घरी पाहुणे होते. मग तो म्हणाला, शनिवारी असली कामं करू नयेत, आणि रविवार खंडोबाचा, देवाला आपल्या भानगडीत कशाला ओढायचं? रंगारी रोज जायचा आणि रोज परत यायचा. रोज त्याची बायको दाराकडे बघायची. मग तिने बघायचं सोडलं.

पौर्णिमा झाली. विणकराने आणखी दोन दिवस वाट पाहिली आणि खालच्या अंगाच्या गावात दुसरं घर घेतलं.

मग दलालाचा पाय एकदम बरा झाला. तो स्वतःहून रंगाऱ्याकडे आला. "मेव्हणा तयार आहे बघा," तो म्हणाला. "मी त्याच्या हातापाया पडलो तेव्हा कुठे कबूल झाला. निम्म्या किमतीत का होईना, घेतोय." निम्म्या किमतीत माळावर गोठासुद्धा मिळाला नसता. रंगाऱ्याने नकारार्थी मान हलवली. दलाल म्हणाला, "विचार करा. मला घाई नाही."

मार्गशीर्ष लागला. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की मागच्या दारातून पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती. रंगारीण उठून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. रंगारी तिच्या पाठीवर हात फिरवत होता.

"माळावर आता ऊन पडलं असेल, नाही?" ती म्हणाली.

"हो," रंगारी म्हणाला. "पडलं असेल."

धुकं निवळायच्या आत ती गेली. रंगारी लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. बायकोला तोंड दाखवायचंही त्याचं धैर्य होत नव्हतं, आणि ती तर आता बघतही नव्हती.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी दलाल मेव्हण्याला घेऊन हजर झाला. आधी डोळे पुसले. "सख्ख्या बहिणीसारखी होती हो मला," म्हणाला. मग म्हणाला, "आता एकट्या माणसाला एवढं घर कशाला? मेव्हणा आलाय. पण घरात असं काही घडल्यावर निम्मा भावही येत नाही, हे तुम्हालाही कळतंय."

"मला घर विकायचं नाही," रंगारी म्हणाला.

"असं कसं? बेल-भंडारा उचललाय तुम्ही!" दलालाने आवाज चढवला तशी गल्लीतली माणसं जमली. आणि काय सांगू, जमलेल्या लोकांनी दलालाचीच बाजू घेतली. "खरंय बुवा, शब्द तो शब्द," कुणी म्हणालं. "तुमच्यासारख्या माणसाने असं करू नये," आणखी कुणी म्हणालं. ज्या लोकांनी तीन महिने त्या बाईला घाटावर कुडकुडताना पाहिलं होतं, त्यातल्या एकानेही तेव्हा एवढं तोंड उघडलं नव्हतं.

"चला देवळात," रंगारी म्हणाला.

सगळा लोंढा देवळात गेला. रंगाऱ्याने भंडाऱ्याला हात लावला नाही. तो मोठ्याने म्हणाला, "या देवासमोर मी शब्द दिला होता. आज तो मोडतो. माझं घर हा दलाल विकणार नाही."

लोक चपापले. दलाल ओरडला, "खंडोबा बघतोय!"

"बघू दे," रंगारी म्हणाला. "तीन महिने बघतच होता."

पुजाऱ्याने वर पाहिलं. लोक काहीतरी होण्याची वाट बघत होते. खरं म्हणजे रंगारीही बघत होता. एवढा मोठा शब्द, आयुष्यात पहिल्यांदा मोडलेला. आभाळ कोसळेल, जीभ झडेल, निदान समईची ज्योत तरी विझेल असं त्याला वाटत होतं. समई जळत राहिली. एक शेळी आत शिरली आणि बेलाची पानं खाऊ लागली. पुजाऱ्याने तिला हाकललं. मग जेवणवेळ झाली म्हणून लोक घरोघर गेले.

आठ दिवस गावात कुजबुज चालली. "रंगाऱ्याने शब्द मोडला बरं का." दोघाचौघांनी आपली कापडं दुसरीकडे टाकली. पण तोवर संक्रांत आली. बायकांना काळी लुगडी हवी होती, आणि रंगाऱ्यासारखा काळा रंग पंचक्रोशीत कुणाला साधत नव्हता. त्याच्या अंगणात पहिल्यासारखी गर्दी झाली. शब्दाचं कुणी नावही काढलं नाही. दलालानेसुद्धा आपलं उपरणं रंगवायला पाठवून दिलं, आणि वर निरोप की जरा लवकर द्या. रंगाऱ्याने ते न उघडताच परत पाठवलं, तेव्हा दलाल म्हणाला, "काय विचित्र माणूस आहे!" आणि दुसऱ्या कुणाचं तरी घर विकायला निघून गेला.

त्या दिवशी रंगाऱ्याने कढईखालची आग विझवली आणि तो मागच्या पायऱ्या उतरून घाटावर जाऊन बसला. ज्याला तो मरणापेक्षा जास्त भ्याला होता, ते सगळं होऊन गेलं होतं. आठ दिवसांची कुजबुज आणि दोनचार गिऱ्हाइकांचे रुसवे. लोक विसरूनही गेले होते.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढ्यालाच मी भ्यालो?"

त्याला उत्तर द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: दिलेला शब्द पाळावा. पण तो पाळण्याचं मोल जर दुसऱ्याच्या जिवाने मोजलं जात असेल, तर त्याला चांगुलपणा म्हणू नये. ती आपली हौस असते.